आवाजाचा माग

भीतीचा गेम कसा असावा, याबद्दल करुणाचं मत ठाम होतं. मारणारा दिसता कामा नये. दिसला की त्याचा नुसता राक्षस होतो, आणि राक्षसाचं काय, दोन-चारदा त्याच्या हातून मेलं की सवय होते. खरी भीती दाराबाहेरच्या पावलांची. रविवारी दुपारी आपल्या चॅनलवर लाइव्ह बोलताना हे मत ती इतक्या रंगात येऊन मांडायची, की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई कशालाच भीत नसणार.

चॅनलचं नाव होतं ‘सांडूचं मत’. सांडू हे तिच्या आजोबांचं नाव. सिल्लोडच्या बाजारात कापसाच्या भावाची गोष्ट निघो की कुणाच्या सोयरिकीची, कुणी विचारो न विचारो, ‘आता माझं मत म्हणशील तर’ अशी सुरुवात करून आजोबा बोलायला लागायचे. ते गेल्यावर करुणानं त्यांचं नाव उचललं आणि ती सुरुवातही. पडद्यावर गेम चालायचा, मागून तिचा आवाज. चेहरा तिनं कधी दाखवला नाही, खरं नाव सांगितलं नाही. ‘रणभट्टी’सारख्या गोळीबाराच्या गेममध्ये मुलीच्या आवाजात नुसतं ‘डावीकडून या’ म्हटलं, तरी समोरून काय काय ऐकून घ्यावं लागतं हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं.

एरवी ती एका विमा कंपनीचं काम घरून करायची. आई मुक्ताबाई दवाखान्यात परिचारिका. वडील पाचोडजवळच्या खेड्यात शिक्षक, ते शनिवारी घरी यायचे. त्यामुळं हडको वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर करुणा एकटी. लेक कॉम्प्युटरसमोर बसून कुणाशी तरी बोलत असते आणि ते काही वाईट नसावं, एवढंच मुक्ताबाईंना माहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिनं ‘ब्लाइंड लॉजर’ नावाचा नवा गेम संपवला. एका घरात एक आंधळा भाडेकरू असतो आणि आपण त्याच घरात अडकलेलो. त्याला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. पातेल्याचं झाकण वाजलं, दाराची बिजागरी कुरकुरली, की तो वळलाच.

“आता माझं मत म्हणाल तर, या वर्षातला सगळ्यात भारी गेम,” त्या रविवारी ती म्हणाली. “‘मड लाइन’ मागच्या महिन्यात खेळले, त्यात गाड्यांपेक्षा चिखल चांगला बनवलाय. ‘रणभट्टी’बद्दल तर बोलायचंच नाय मला. पण हा गेम! आवाज केला तर तो येतो, आणि लई वेळ गप्प बसलं तर शोधत शोधत आणखी जवळ येतो. सुटकाच नाय. भीती वाटली तरच मजा आहे राव!”

ती बोलत असताना खालच्या गल्लीतून एक हॉर्न गेला. साधा नव्हे, खाली उतरत जाणाऱ्या सुरांचा, लांबलचक. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी लगेच लिहिलं, ‘सांडू, घरात बस घुसली का?’ करुणा हसली. “आमच्या गल्लीत असलं काहीतरी चालूच असतं,” म्हणाली आणि पुढं बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी चॅनलवर एक मेसेज आला. पाठवणाऱ्याचं नाव नुसतं ‘लॉजर’.

‘पिवळी दोरी. लेव्हल एक पूर्ण.’

तिला काही उमजलं नाही. गेममधलंच काहीतरी असेल म्हणून तिनं तो सोडून दिला. संध्याकाळी कपडे काढायला ती गॅलरीत गेली, चिमटा काढायला हात वर केला आणि तसाच राहिला. कपडे वाळत घालायची त्यांची दोरी पिवळी होती.

ती पटकन आत आली. मग स्वतःलाच म्हणाली, पिवळ्या दोऱ्या काय कमी आहेत या शहरात? कपडे मात्र तिनं आईला काढायला लावले.

पुढचा मेसेज काही दिवसांनी आला. ‘कोरफडीला पाणी जास्त घालतेस. कुजेल. लेव्हल दोन.’ त्यानंतरच्या मेसेजमध्ये शब्द नव्हते. त्यांच्या बिल्डिंगच्या फाटकाचा फोटो होता, आणि फाटकाशी भाजीची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मुक्ताबाई, पाठमोऱ्या.

करुणानं तो फोटो मोठा करून पाहिला. फोन तिनं उशीखाली ढकलला, जणू त्यातून तो माणूस खोलीत बघत होता.

मनस्विनी ही तिची एकुलती एक गेमची सोबतीण, राहायला गारखेड्याला. करुणानं तिला फोन लावला.

“ब्लॉक कर आणि पोलिसांत जा,” मनस्विनी म्हणाली.

“ब्लॉक केलं. दुसऱ्या नावानं आला.”

“मग काकूंना सांग तरी.”

“आईला सांगितलं तर चॅनल बंद. आणि ती घाबरेल. तिचा फोटो आहे गं त्यात.”

“तू घाबरली नायस का?”

‘नंतर बोलते’ म्हणून करुणानं फोन ठेवला.

तिनं लाइव्ह बोलणं थांबवलं. ‘तब्येत बरी नाही’ अशी ओळ चॅनलवर टाकली. गॅलरीचं दार लावून घेतलं, खिडकीला आईची जुनी साडी बांधली. ऐन उकाड्यात पंख्याखाली घामेजून बसायची, पण साडी काढायची नाही. गेम लावावा म्हटलं तर हेडफोन कानाला लावायची हिंमत होत नव्हती. कान झाकले आणि मागून कुणी आलं तर? जिन्यावर कुणाची चप्पल वाजली की ती श्वास रोखून पावलं मोजायची. पावलं वर चौथ्या मजल्यावर गेली की सुटका. आई विचारायची, “अंधार करून का बसतेस गं?” ती म्हणायची, “ऊन लागतं डोळ्याला.” रात्री आईच्या शेजारी अंथरूण टाकायला लागली. मुक्ताबाईंना वाटलं, लेकीचं कुठंतरी मन गुंतलंय आणि बिनसलंय. त्यांनी खोदून विचारलं नाही.

आणि मग एक मेसेज आला. ‘गप्प का बसलीस? गप्प बसलं की तो जवळ येतो. नियम तूच सांगितलास.’

तो वाचून ती न्हाणीघरात गेली आणि कडी लावून कितीतरी वेळ नळ सोडून बसली.

मंगळवार होता. मुक्ताबाई डबा घेऊन ड्यूटीला गेल्या होत्या. दुपारची जेवणं आटोपून बिल्डिंग सुस्तावली होती. समोरच्या फ्लॅटमध्ये सुरेखाताईंचं शिलाई मशीन तेवढं घरघरत होतं. लग्नसराई, त्यामुळं त्यांना दुपारीही उसंत नव्हती. करुणा विम्याचे कागद तपासत होती. बेल वाजली.

ती उठली नाही. बेल पुन्हा वाजली.

“पार्सल!” बाहेरून आवाज आला.

तिनं काही मागवलं नव्हतं. अनवाणी, टाचा उचलून ती दारापर्यंत गेली आणि भिंगातून पाहिलं. बाहेर जाळीचा दरवाजा होता, त्याला आतून कुलूप. त्यापलीकडं पंचविशीचा एक मुलगा. नीट भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात चकचकीत कागदात गुंडाळलेला खोका. वाटेत दिसला असता तर तिनं वळूनही पाहिलं नसतं.

तो जाळीजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाला, “सांडू?”

करुणा दाराला पाठ लावून खाली बसली.

“आहेस ना आत? पंखा ऐकू येतोय. खट्‌ खट्‌ करतो तो. मागच्या महिन्यापासून करतोय.”

तिनं सुरेखाताईंना फोन लावला. पलीकडं फोन वाजत राहिला. मशीनच्या घरघरीत त्यांना ऐकू गेला नाही. आईचा फोन ड्यूटीवर कपाटात असायचा. तिनं मनस्विनीला लिहिलं, ‘तो दारात आहे.’ उत्तर लगेच आलं: ‘११२ लावते. मी निघाले. दार उघडू नको. बोलत ठेव त्याला.’

बोलत ठेव. करुणानं तो मेसेज पुन्हा वाचला. बाहेर त्यानं जाळी हलवून पाहिली. कुलूप खडखडलं. तिनं दाराकडं तोंड वळवलं.

“कोण आहे?”

बाहेर तो चक्क आनंदानं हसला. “आला आवाज! मी विश्वजीत. लॉजर म्हणजे मीच. ओळखलंच असशील.”

“घर… घर कसं सापडलं?”

“तेच सांगायला आलो ना!” तो जिन्याच्या पायरीवर बसल्याचं तिला ऐकू आलं. “तू एरवीच्या दिवशी रेकॉर्ड करून टाकलेले व्हिडिओ लावून तुझ्या बोलण्यामागं ऐकायचो मी. शाळेची घंटा, मग घंटागाडी, मग विहारातली वंदना. एवढ्यावर हडको कळलं. पण गल्ली कळंना. मग बाइकला वेगळा हॉर्न बसवला. तू लाइव्ह असताना एकेका गल्लीतून वाजवत फिरायचो, कानात तुझा आवाज लावून. चार रविवार काहीच नाय. पाचव्या रविवारी, तू ‘ब्लाइंड लॉजर’बद्दल बोलत होतीस बघ, माझाच हॉर्न मला तुझ्या आवाजामागं ऐकू आला! बाइक बंद करून ऐकलं, तर वर तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून तोच आवाज. सांडू, अंगावर काटा आला माझ्या. आजवर इतके गेम जिंकलो, पण असं कधीच वाटलं नव्हतं.”

करुणाच्याही अंगावर काटा आला होता. ती हसत हसत मत सांगत होती तेव्हा हा खाली गल्लीत होता. तिनं गुडघे छातीशी ओढून घेतले. मोबाइलवर मनस्विनीचा मेसेज चमकला: ‘पोलीस निघालेत.’ निघालेत, म्हणजे पोचलेले नाहीत.

“तुला…” ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिनं रेटून सरळ केला. “तुला कुठला गेम आवडतो सगळ्यात?”

“मला विचारतेस?” त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “मला कुणी विचारत नाय. रूमवरची पोरं अभ्यास करतात नुसती. मी सोयगावचा. इथं स्पर्धा परीक्षेसाठी ठेवलंय घरच्यांनी.”

आणि तो बोलायला लागला. ‘मड लाइन’ तिनं म्हटला तितका वाईट नाही, पावसातली शेवटची शर्यत तिनं बहुतेक खेळलीच नसावी. ‘रणभट्टी’त तो शहरात पहिल्या दहांत होता, पण तिनं नावं ठेवली तेव्हा त्यानं तो त्याच दिवशी फोनमधून काढून टाकला. तिला आवडतं ते सगळं त्यानं खेळलं होतं, ती ज्या क्रमानं खेळली त्याच क्रमानं. तिनं दीड वर्षापूर्वी बोललेली वाक्यं त्याला जशीच्या तशी पाठ होती. करुणा मधूनमधून “हं” म्हणत होती, “मग?” विचारत होती. कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं दोन मित्र गप्पा मारताहेत. तिचा कुर्ता पाठीला चिकटला होता आणि दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

“आणि ‘ब्लाइंड लॉजर’?” त्यानं विचारलं. “त्याचा शेवट? तो भाडेकरू दार ठोठावतो आणि ती अडकलेली मुलगी उघडते. काय सुंदर आहे ना? तिला मारायचा त्याचा विचारच नव्हता. नुसतं भेटायचं होतं.”

इथं ती चुकली. इतकी वर्षं गेमबद्दल खरं तेच बोलायची सवय. तोंडातून निघून गेलं.

“शेवट मला आवडला नव्हता. तिनं दार उघडायला नको होतं.”

बाहेर तो उठल्याचा आवाज.

“खोटं. सगळ्यात भारी गेम म्हणालीस तू.”

“गेम भारी होता. शेवट…”

“भीती वाटली तरच मजा, असं म्हणालीस! मी सगळं तुझ्या नियमानं केलं. दोरी, फोटो, लेव्हल, सगळं. तुझ्यासाठी केलं. आणि आता दार उघडत नाय?” धाडकन जाळीवर थाप पडली. पुन्हा एक. करुणाच्या पाठीला लाकडी दाराचा हादरा बसला. तिसऱ्या थापेला जाळीची बिजागरी कुठंतरी कुरकुरली.

मशीनची घरघर थांबली.

समोरचं दार उघडलं. “कोण रे तू? काय आदळआपट चाललीय?” सुरेखाताईंचा आवाज.

“मित्र आहे तिचा,” विश्वजीत लगेच म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका साधा, इतका सभ्य झाला की करुणाला त्याचीच जास्त भीती वाटली. “वाढदिवसाचं गिफ्ट आणलंय. रुसलीय ती.”

“व्हय का गं, करुणा?” सुरेखाताईंनी हाक दिली. “ओळखीचा आहे का?”

करुणाला ओरडायचं होतं. पण रविवारी न थांबता बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज गेला कुठं कोण जाणे. तोंड उघडत होतं, नुसता श्वास येत होता, शब्द येत नव्हता. बाहेर सुरेखाताई वाट पाहत होत्या. तो म्हणाला, “बघा, बोलत पण नाय. तुम्ही जा आत, मी समजावतो.” सुरेखाताईंच्या चपला मागं वळल्या. ते तिला ऐकू आलं, आणि ती दोन्ही मुठींनी दार बडवू लागली.

“नाय!” एवढाच शब्द निघाला, चिरका. “काकू, नाय! ओळखत नाय मी!”

त्यानंतर सगळं एकदमच झालं. सुरेखाताई जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडल्या, “कडुबाभाऊ, फाटक लावा! वर या, लवकर या!” कडुबा खाली किराणा दुकान चालवायचे, ते आणि दुकानातली दोन गिऱ्हाईकं धावत वर आली. सुरेखाताईंच्या हातात कापड बेतायची कैची होती आणि ती हातात आहे हे त्यांना बहुतेक नंतरच कळलं. विश्वजीतनं पळायचा प्रयत्नही केला नाही. तो खोका मांडीवर घेऊन पायरीवर बसला आणि एकच म्हणत राहिला, “मी काय केलं? हात तरी लावला का मी?”

पोलीस आले, पाठोपाठ मनस्विनी आली. तिच्या आवाजाची खात्री पटल्यावरच करुणानं दार उघडलं. उघडताना किल्ली कुलपात जाईना. शेवटी मनस्विनीनं जाळीतून हात घालून ती फिरवली. बाहेर येताना करुणानं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यानं मात्र पाहिलं असावं, कारण तो म्हणाला, “आवाजावरून उंच वाटली होतीस.”

ठाण्यात मुक्ताबाई दवाखान्यातून थेट गणवेशातच आल्या. करुणानं त्यांना सगळं सांगितलं, मेसेज दाखवले, फाटकाचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. ओरडल्या नाहीत.

“माझ्या शेजारी झोपत होतीस,” त्या म्हणाल्या. “हात लांब केला असतास तर मी होते.”

करुणा तेव्हा पहिल्यांदा रडली.

तक्रार नोंदवून घेणाऱ्या महिला फौजदारानं विचारलं, “तो म्हणतो, गेम चालू होता दोघांचा. तुम्ही खेळत होतात का त्याच्यासोबत?”

“नाही,” करुणा म्हणाली. “मला कुणी विचारलंच नव्हतं खेळायचं का म्हणून.”

फौजदारबाईंनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं.

आठवड्याभरानं सोयगावहून विश्वजीतचे वडील आले. थकलेला, सरळ माणूस. करुणाचे वडील त्या दिवशी घरी होते. त्यांनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. “गुरुजी, तुम्ही पोरं घडवणारी माणसं,” विश्वजीतचे वडील हात जोडून म्हणाले. “परीक्षा तोंडावर आहे त्याची. केस राहिली तर आयुष्यातनं उठंल. त्यानं अंगाला हातसुद्धा लावला नाय.”

करुणाच्या वडिलांनी तिच्याकडं पाहिलं. ते तिच्या वतीनं काही बोलणार नाहीत, हे तिला त्या नजरेतून कळलं.

“काका,” ती म्हणाली, “मी अजून एकटी न्हाणीघरात जाताना आईला दाराबाहेर उभी करते. तक्रार मी मागं घेणार नाय.”

ते गृहस्थ पाणी पिऊन उठले आणि गेले. त्यांच्या पाठमोऱ्या वाकलेल्या खांद्यांकडं बघून करुणाला वाईट वाटलं, आणि तरी दार लागल्यावर तिनं कडी दोनदा तपासली.

चॅनल तिनं बंद केलं नाही, पण त्यावर काही टाकलंही नाही. लोक विचारत होते, सांडू कुठं गेली. कधी एखादं नवं नाव दिसलं की ती फोन पालथा ठेवायची. विश्वजीत जामिनावर सुटला होता. या भागात फिरकायचं नाही अशी अट होती. अट कागदावर होती. गल्लीत बाइक थांबली की करुणाचा घास हातातच राहायचा.

एका रविवारी मुक्ताबाईंना सुट्टी होती. दुपारी त्या स्वतःच खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या. “दाखव तरी,” म्हणाल्या, “काय असतं ते.”

करुणानं बराच शोध घेऊन एक साधा गेम काढला, ‘लिटल जेट्टी’. एक बाई होडीतून लोकांना खाडीपलीकडं नेते, कुणी बकरी घेऊन येतं, कुणी आजारी पोर. त्यात कुणी कुणाच्या मागावर नव्हतं. मुक्ताबाई चष्मा लावून बघत राहिल्या. “त्या म्हातारीला आधी घे की. ताप आहे तिला, दिसत नाय का?” मग थोड्या वेळानं, “ही एकटीच राहते का गं तिथं?”

“माहीत नाय. पुढं कळंल.”

“तुला आवडला का हा?”

करुणा पडद्याकडं बघत होती, अर्धा कान जिन्याकडं होता. खांदा तिनं आईच्या खांद्याला टेकवला.

“अजून सांगता येत नाय,” ती म्हणाली, आणि म्हातारीला होडीत घेतलं.